हिवाळ्यात बागेला खराटा लावू नका

दिवाळी झाली की पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये बागेची साफसफाई निघते. पावसाळ्यात माजलेली झुडपं गुडघ्याइतकी छाटायची, कुंपणाची मेंदी दोरी लावून सरळ कापायची, झाडांखालचा पाचोळा खराट्याने ओढून पोत्यांत भरायचा आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर लाल माती टाकून लॉनचे तुकडे अंथरायचे. आठवड्याभरात बाग फोटोत छान दिसायला लागते. नेमके त्याच दिवसांत हजारो किलोमीटर उडून आलेले पक्षी त्या बागेत उतरत असतात आणि त्या झाडलेल्या मातीत त्यांना काहीही मिळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑक्टोबर ते मार्च या काळात सोसायटीच्या बागेचा निदान एक कोपरा झाडू नये, तिथली झुडपं एकदम छाटू नयेत आणि तिथे कीटकनाशक फवारू नये. हे कुणासाठी, असं सभेत कुणी विचारलं तर त्या पाहुण्यांची नावं सांगता आली पाहिजेत. म्हणून आधी त्यांची ओळख.

मी कोथरूडला तळमजल्यावर राहते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ स्वयंपाकघराच्या खिडकीत जाते. समोर उंबर आहे, पलीकडे दोन कडुनिंब, एक जुना आंबा, पंपघरामागे अडुळसा आणि घाणेरीचं रान. ही काही मोठी बाग नाही. शेजारच्या दहा सोसायट्यांत याहून बरी झाडं आहेत. तरी दर हिवाळ्यात या एवढ्या जागेत रशियातले, मध्य आशियातले, हिमालयातले पक्षी मुक्कामाला असतात.

गणपतीच्या सुमारास पहिला येतो तो करडा धोबी. पावसाची रिपरिप अजून चालू असते. पार्किंगमधल्या ओल्या फरशीवर, गच्चीत, गटाराच्या कडेने तो एकटाच फिरत असतो. पाठ राखी, शेपटीखाली स्वच्छ पिवळा रंग आणि लांब शेपटी सतत वरखाली. उंबराच्या फांद्यांआडून येणारे मात्र नवरात्राच्या पुढेमागे पोचतात, आणि त्यांना ओळखायला जरा धीर लागतो.

त्यातला सगळ्यात लहान म्हणजे हिरवट वटवट्या. वजन दहा ग्रॅमसुद्धा नाही. पाठीवर मळकट हिरवा रंग, खाली पांढुरकं, डोळ्यावर लांब फिकट भुवई आणि पंखावर एक बारीक फिकट पट्टी. ही पट्टी पिसं झिजली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत जवळजवळ पुसली जाते, त्यामुळे पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी जुळत नाही आणि नवा माणूस गोंधळतो. त्याला पट्टीवरून शोधू नये, आवाजावरून शोधावं. शेंड्याकडून दोन तुकड्यांचा, टोकदार ‘त्सि-ली’ असा आवाज दिवसभर येत राहतो. एकदा तो कानात बसला की कळतं, हा पक्षी आपल्या प्रत्येक मोठ्या झाडावर आहे. बाजारात, बसथांब्यावर, शाळेच्या आवारात, सगळीकडे. पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली एवढीशी अळी, कोळी, मावा टिपत तो उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत हलत असतो.

या मूठभर जिवाचं नाव उत्क्रांतीच्या पाठ्यपुस्तकांत आहे. 1938 मध्ये क्लॉड टाइसहर्स्ट या ब्रिटिश अभ्यासकाने मांडलं की हिमालयातून हा पक्षी तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालत उत्तरेकडे पसरला. वाटेत प्रत्येक टप्प्यावर शेजारी-शेजारी फरक थोडाच, पण दोन्ही शाखा सायबेरियात पुन्हा भेटल्या तेव्हा त्या एकमेकींत जोड्या जमवेनाशा झाल्या होत्या. पुढे डॅरेन अर्विन यांनी या वर्तुळावर ठिकठिकाणी जाऊन त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि वळशाबरोबर गाणं कसं बदलत जातं ते दाखवलं. आपल्याकडे हिवाळ्याला येतात ते पश्चिमेच्या शाखेचे. इतकं सगळं घडवून आलेला पक्षी आपल्या कडुनिंबावर बसलेला असतो, आणि खालून जाणारा माणूस त्याला चिमणी म्हणतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

शेंड्यावर हिरवट वटवट्या, तर खाली झुडपात ब्लिथचा बोरू वटवट्या. हा फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या पट्ट्यात वीण करतो. एडवर्ड ब्लिथ हे कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एकोणिसाव्या शतकातले अभिरक्षक, त्यांच्या नावावरून हा ओळखला जातो. अंगावर खूण म्हणावी असं काही नाही, सगळा एकसारखा तपकिरी. पण मेंदीच्या आत, अडुळशाच्या गर्दीत दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसा ‘टक्... टक्’ आवाज आला की तो तिथेच आहे, न दिसताही. झुडूप गुडघ्यावर कापलं की हा आवाज त्या दिवशीच बंद होतो.

दसऱ्यानंतर लाल छातीचा माशीमार येतो. नावाला लाल छाती, पण ती नारिंगी झाक फक्त पूर्ण वाढलेल्या नराच्या गळ्यावर. माद्या आणि पहिल्या वर्षाचे नर साधे बदामी-तपकिरी, आणि बागेत बहुतेक वेळा गाठ पडते ती त्यांच्याशीच. म्हणून शेपटी बघायची. फांदीवर बसला की पंख किंचित खाली सोडून तो शेपटी झटक्याने वर उचलतो, आणि काळ्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके चमकतात. सोबत कोरडा ‘ट्र्र्र्र’. हवेत झेप घेऊन माशी पकडणारा हा पक्षी पाचोळ्यावरही वारंवार उतरतो. उंबराच्या बुंध्यापासून हातभर उंचीच्या फांदीवर बसून खाली टक लावून बघतो, एखादं पान हललं की खाली उडी, चोचीत काहीतरी, परत त्याच फांदीवर. गेल्या जानेवारीत मी खिडकीतून हे इतक्या जवळून पाहिलं की त्याने पकडलेल्या पतंगाचे पंख फांदीवर आपटून गळताना दिसत होते. तो पतंग पाचोळ्यात दडलेला होता. पाचोळा नसता तर तिथे पतंग नसता.

भिंतीच्या कडेला, बांधकामाच्या विटांच्या ढिगावर, गच्चीच्या कठड्यावर थिरथिऱ्या दिसतो. नर वरून काळा, पोट विटकरी, शेपटी तांबूस, आणि ती शेपटी बसल्या जागी थरथरत असते. मादी मळखाऊ तपकिरी, पण शेपटीची थरथर तीच. उंच फांदीवर राखी कोतवाल. आपला बारमाही कोतवाल तारेवर, गुरांच्या पाठीवर उघड्यावर बसतो, काळाभोर असतो आणि त्याच्या चोचीच्या कोनात पांढरा ठिपका असतो. राखी कोतवालाला झाडाचा वरचा थर लागतो, ठिपका नसतो आणि डोळा लालभडक. या दोघांची गल्लत फार होते, डोळा दिसला की मिटते.

टेकडीलगत राहणाऱ्यांना आणखी एक पाहुणा मिळू शकतो. बाभळी-बोरीत हिंडणारा, फिकट मातकट रंगाचा साइक्सचा वटवट्या. कर्नल विल्यम साइक्स यांनी 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनला प्रसिद्ध केली, त्या यादीतूनच या पक्ष्याची शास्त्राला पहिली ओळख झाली. मध्य आशियात जन्मणाऱ्या पक्ष्याचं शास्त्रीय बारसं आपल्या माळावर झालेलं आहे.

आता हवेविषयी. पुण्याचा हिवाळा बोचरा नसतो, पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा नदीकाठच्या भागात सकाळी धुकं धरतं. निफाडकडे तर विचारायलाच नको. अशा सकाळी साडेसहाला दुर्बीण घेऊन बसण्यात अर्थ नसतो. किडे गारठलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावर जगणारे पक्षीही अंग फुगवून गप्प बसतात. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि ऊन झाडांच्या शेंड्यावर यायला आणखी वेळ लागतो. पूर्वेकडच्या ज्या फांद्यांवर पहिलं कोवळं ऊन पडतं तिथे सगळी हालचाल सुरू होते. तांबट सर्वांत वरच्या वाळक्या काटकीवर उन्हाकडे पोट करून बसतो. वेडे राघू एका फांदीवर एकमेकांना चिकटून ओळीने बसतात. साडेसात ते नऊ हा हिवाळ्यातला खरा वेळ.

धुक्यात आणि ढगाळ हवेत रंगावर विश्वास ठेवू नये. हिरवट वटवट्या राखी दिसतो, राखी कोतवाल काळा दिसतो. अशा वेळी आधी आकार बघावा, मग बसण्याची ढब, शेपटीची चाल, झाडाचा कुठला थर, आणि आवाज. रंग शेवटी. हा क्रम अंगवळणी पडला तर दुर्बिणीशिवायही निम्मे पक्षी ओळखता येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरातल्या वादळामुळे अधूनमधून अवकाळी पावसाचे ढग येतात. अशा मळभाच्या दिवशी किडे खालच्या थरात राहतात आणि शेंड्यावरचे पक्षी नजरेच्या उंचीवर उतरतात. शेतकऱ्याच्या द्राक्षांना ती हवा नको असते, पण पक्षी बघणाऱ्याने त्या दिवशी घरात बसू नये.

हिवाळा आवाज शिकायलाही सोपा, याचं कारण आपले गवई या दिवसांत गप्प असतात. कोकिळेची तान नाही, दयाळाचं गाणं नाही, तांबटाची ठोकठोक क्वचितच. पाहुणेही इथे सहसा गात नाहीत. गाणं विणीच्या प्रदेशात. इथे फक्त छोट्या हाका, आपली जागा सांगण्यापुरत्या.

ही जागा सांगण्याची गोष्टच माझ्या सगळ्या म्हणण्याच्या मुळाशी आहे. लोकांना वाटतं, पक्षीच तो, इथे झाड नाही मिळालं तर पुढच्या झाडावर जाईल. हिवाळी वटवट्यांच्या बाबतीत तसं होत नाही. ट्रेव्हर प्राइस आणि मधुसूदन कट्टी या अभ्यासकांनी दक्षिण भारतातल्या जंगलांत त्यांचा हिवाळा बारकाईने अभ्यासला आहे. हिरवट वटवट्या थव्याने हिवाळा घालवत नाही. प्रत्येक जण झाडांचा एक लहानसा इलाका धरतो, हाका देत तो राखतो, दुसरा आत आला की हाकलतो, आणि जगला-वाचला तर पुढच्या वर्षी त्याच इलाक्यात परततो. पायात वलय घातलेले धोबीही पुन्हा त्याच अंगणात सापडल्याच्या नोंदी आहेत. सलीम अलींनी 1959 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना वलयं घालण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्यातून स्थलांतराविषयी पुष्कळ कळलं.

याचा अर्थ असा की आमच्या उंबरावरचा वटवट्या हा त्या उंबरावरचाच असतो. तो एप्रिलमध्ये उत्तरेला गेला, तिथे पिल्लं वाढवली, सप्टेंबरअखेर परत आला आणि मधल्या काळात आम्ही उंबर काढून तिथे फॉक्सटेल पाम लावला असेल, तर शेजारचं झाड त्याच्यासाठी मोकळं नसतं. तिथे दुसरा बसलेला असतो आणि तो याला थारा देत नाही. पामवर कीटक जवळजवळ नसतात. ड्युरांटाच्या पिवळ्या कुंपणात नाहीत. कार्पेट लॉनवर औषध मारलेलं असतं. आपण एक झाड तोडलं म्हणतो, तेव्हा एका विशिष्ट पक्ष्याचा सहा-सात महिन्यांचा आधार तोडलेला असतो.

भिगवणला फ्लेमिंगो बघायला पुण्याहून दर रविवारी गाड्यांची रांग लागते. जावं, जरूर जावं, उजनीचं पाणी आणि त्यावरचे रोहित हे बघण्यासारखंच दृश्य आहे. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा ही अवस्था बरी नव्हे. भिगवणच्या पक्ष्यांसाठी आपल्याला पाहण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. खिडकीखालच्या माशीमारासाठी सगळंच आपल्या हातात आहे.

आमच्या बागेचं काम करणारे माळीमामा करमाळ्याकडचे. मागच्या डिसेंबरात संध्याकाळी गच्चीवरून भोरड्यांचा थवा गेला. शेकडो पक्षी एकदम वळतात, थवा क्षणात गडद होतो, क्षणात विरळ. मामांनी नळी खाली ठेवली आणि वर बघत म्हणाले, “भोरड्या आल्या ताई. आता गावाकडं ज्वारीला राखण लागती बघा.” लहानपणी माळ्यावर बसून गोफण फिरवल्याचं ते सांगत होते. ज्वारीच्या कणसांवर हे पक्षी उतरले की नुकसान होतं, त्यात खोटं काही नाही. पण त्याच भोरड्या मध्य आशियात वीण करताना टोळ आणि नाकतोडे अफाट खातात, इतके की चीनच्या शिंजियांगमध्ये गवताळ कुरणं वाचवण्यासाठी त्यांना मुद्दाम दगडविटांची घरटी बांधून देतात. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मंग आमच्याकडं बी नाकतोडे खात असतीलच की.” खातातच.

मी त्यांना पाचोळ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, “मला काय हौस हाय का झाडायची? पण पान खाली दिसलं की वरून फोन येतो.” अडचण ती इथे आहे. माळ्याला कळतं, त्याच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांना वरच्या मजल्यावरून बाग एकसारखी हिरवी दिसायला हवी असते.

पाचोळा ठेवण्याला ज्या हरकती येतात त्या मी मनावर घेते, कारण त्या भीतीतून येतात आणि भीती खोटी नसते. साप येतील, ही पहिली. म्हणून कोपरा निवडताना मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूरचा निवडावा, आणि उंदीर वाढवणारं उष्टंखरकटं तिथे पडू देऊ नये. साप उंदरांमागे येतो. डास होतील, ही दुसरी. डेंग्यूचा डास कोरड्या पानांत वाढत नाही, साचलेल्या पाण्यात वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी केली तर जे साधतं ते झुडपांवर धूर सोडून साधत नाही. डेंग्यूचे रुग्ण निघाले तर पालिकेने फवारणी करावी, त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो दर महिन्याच्या त्या कंत्राटाला, ज्यात रोग असो-नसो, सगळ्या झुडपांवर औषध मारलं जातं. कीटक मेले की कीटकांवर जगणारा पक्षी उपाशी राहतो, हे समजायला शास्त्र शिकावं लागत नाही.

छाटणीबाबत मात्र मी हट्टाने एकच बाजू धरत नाही. झाडांचे जाणकार सांगतात की हिवाळ्यात घरटी कमी असतात, म्हणून छाटणी तेव्हाच बरी. हे बरोबर आहे. मार्चपासून जुलैपर्यंत बुलबुल, दयाळ, शिंपी, सूर्यपक्षी यांची घरटी असतात, तेव्हा कोयता चालवणं जास्त वाईट. वाळलेली, धोक्याची फांदी काढावीच. माझं म्हणणं एवढंच की सगळी बाग एका आठवड्यात बोडकी करू नये. एक बाजू या वर्षी, दुसरी पुढच्या. आणि झाडाचा शेंडाच उडवण्याला छाटणी म्हणू नये. शहरात झाड तोडण्यासाठी 1975 च्या कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सोसायटीच्या कार्यालयात भिंतीवर लावून ठेवायला हवं.

पाचोळा जाळण्याचा प्रश्न तर वादाचाच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली आणि साध्या प्रकरणात 5 हजार, मोठ्या प्रमाणात जाळल्यास 25 हजार रुपये भरपाई ठरवली. तरी फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली की सकाळी फिरायला जाताना रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग धुमसताना दिसतात. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ हा नागरिकांचा उपक्रम कित्येक वर्षं वाळकी पानं जाळू नका, ज्यांना हवीत त्यांना द्या म्हणून काम करतो आहे. ज्या सोसायटीला पाचोळा ठेवायचाच नाही तिने निदान इतकं तरी करावं.

आणखी एक गोष्ट, जी प्रेमापोटी होते म्हणून सांगायला जड जाते. पक्ष्यांसाठी काहीतरी करायचं म्हटलं की आपण गच्चीवर धान्य टाकतो. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत हिवाळ्यात बागेत दाणे टांगतात, त्याला कारण आहे. तिथे जमीन गोठते, किडे नाहीसे होतात, उरलेल्या पक्ष्यांना दाण्याचा आधार होतो. भोरड्या सोडल्या तर आपल्या बागेत येणारे हे हिवाळी पाहुणे दाणे खात नाहीत. ते किड्यांसाठीच इतक्या लांब आलेले असतात. धान्यावर येतात ती कबुतरं, आणि ती इतकी वाढली आहेत की 2025 मध्ये मुंबईत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारे फुप्फुसांचे आजार हे छातीच्या डॉक्टरांच्या रोजच्या कामाचा भाग झाले आहेत. धान्य टाकू नका. उथळ मातीच्या परळात पाणी ठेवा, रोज बदला, म्हणजे डासांचीही भीती नाही. आणि जमिनीवर पानं राहू द्या.

आपल्या राज्यात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सलीम अलींचा. चितमपल्लींनी वनखात्यात आयुष्य घालवून आदिवासींकडून, पारध्यांकडून, फासेपारध्यांकडून पक्ष्यांची माहिती आणि नावं गोळा केली, पक्षिकोश लिहिला. त्यांच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या सप्ताहात शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, त्या व्हाव्यात. पण हाच पाहुणे येण्याचा हंगाम आणि हाच बागा बोडक्या करण्याचा. त्या आठवड्यात प्रत्येक शाळेने, प्रत्येक सोसायटीने आपल्या आवारातला एक कोपरा राखून ठेवला तर तो सप्ताह चितमपल्लींना आवडला असता असं मला वाटतं.

फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असते. भारत त्यात 2013 पासून आहे. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे. सामान्य लोकांच्या अशाच नोंदींच्या आधारावर 2023 मध्ये भारतातल्या 942 प्रजातींच्या स्थितीचा अहवाल निघाला. दीर्घकाळाचा कल सांगण्याइतकी माहिती 338 प्रजातींची होती आणि त्यातल्या सुमारे 60 टक्के घटल्याचं दिसलं. सगळ्या देशाची ही माहिती खिडक्यांतून, गच्च्यांवरून, शेताच्या बांधावरून जमलेली आहे.

आमच्या वरच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी आता माझ्याबरोबर मोजायला बसते. तिच्या मोबाइलमध्ये मर्लिन हे अ‍ॅप आहे, आवाज ऐकून ते पक्ष्याचं नाव सुचवतं. मी त्याच्या विरोधात नाही. फक्त तिला सांगते, आधी तू ओळख, मग त्याला विचार, आणि दोघांचं जुळलं नाही तर पक्षी दिसेपर्यंत थांब. परवा तिने घाणेरीतून आलेली ‘टक्’ ऐकून स्क्रीनकडे न बघता “आजी, ब्लिथ” म्हटलं.

येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडते आहे. उंबराखालचा आणि पंपघरामागचा असे दोन कोपरे दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत झाडायचे नाहीत. अडुळसा आणि घाणेरी एका वर्षी एकाच बाजूने छाटायची. फवारणीचं मासिक कंत्राट बंद करून ते पैसे कंपोस्टच्या जाळीला वापरायचे. या हंगामात दिसलेल्या पक्ष्यांची यादी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावायची, ती जबाबदारी आठवीतल्या मुलीने घेतली आहे. माळीमामांची मागणी एकच आहे आणि ती मी ठरावात शेवटच्या कलमात घातली आहे: हे सगळं सोसायटीच्या शिक्क्याचा कागद करून त्यांच्या हातात द्यायचं, म्हणजे वरून फोन आला तर दाखवता येईल.